दुधातली साखर

फोन आला तेव्हा बाई लिफ्टमध्ये शिरत होत्या. एका हातात औषधांच्या दुकानाची पिशवी, दुसऱ्यात किल्ल्यांचा जुडगा, आणि फोन पर्सच्या तळाशी, रुमाल आणि चष्म्याच्या घराखाली गाडलेला. तो उकरून कानाला लावेपर्यंत दार मिटायला लागलं होतं. "बाई, मीच," पलीकडचा आवाज म्हणाला. कॉलेजात पहिल्या बाकावर बसून तासभर शंका काढत राहणारी ती मुलगी. बाईंनीच तिचं नाव शंकेखोर ठेवलं होतं, आणि आता ती नवजात बाळांच्या रक्ततपासणीच्या सेंटरची प्रमुख होती. "बाई, नातीचा रिपोर्ट आलाय. बाकी सगळं छान आहे. पण गॅलॅक्टोजचं एन्झाइम जवळजवळ शून्य दाखवतंय. उद्या सकाळी दुसरा नमुना घेऊन खात्री करू, पण तोवर दूध बंद करा. आईचंसुद्धा. आत्तापासूनच, आणि बाई—" इथे दार मिटलं, रेंज गेली आणि लिफ्ट वर निघाली.

लिफ्ट आपल्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, समोर घराचं दार दिसलं, दाराबाहेर मुलाचे आणि सुनेचे बूट शेजारी शेजारी दिसले, आणि बाई बाहेर पडल्या नाहीत. पाय हलले नाहीत, एवढंच. दार थोडा वेळ वाट बघून मिटलं. खालून कोणी तरी बटण दाबलं असावं, लिफ्ट त्यांना घेऊन पुन्हा खाली गेली. खाली कुत्र्याला फिरवून आलेला शेजारी उभा होता. "खाली उतरताय की वर चाललाय?" त्यानं विचारलं. "वर," बाई म्हणाल्या, "मघाशीच." तो हसला, कारण बाई विनोद करतात हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. कुत्रा त्यांच्या पिशवीला नाक लावून हुंगत राहिला. पिशवीत बाळाचं तेल होतं, लंगोट होते, आणि सुनेला दूध चांगलं यावं म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांची बाटली होती.

बाईंचा जन्म जीवरसायनशास्त्र शिकवण्यात गेला होता. मुलं त्यांना पाठीमागे कात्रीबाई म्हणत, आणि तोंडावर म्हटलं असतं तरी त्यांनी मनावर घेतलं नसतं. अन्न म्हणजे लांबलचक माळा, असं त्या पहिल्याच तासाला सांगत. शरीराला माळ नको असते, मणी हवे असतात. मग प्रत्येक जोड तोडायला एक वेगळी कात्री, तिला आपण एन्झाइम म्हणतो. एकीचं काम दुसरीला येत नाही, आणली तरी हात वर करून उभी राहते, अगदी सरकारी कचेरीसारखी. इथे वर्ग हसायचा. मग त्या फळ्यावर दुधातली साखर काढत, लॅक्टोज. ही माळसुद्धा नव्हे, नुसती जोडगोळी. दोन मणी, मध्ये एक जोड. पाण्याचा एक रेणू खर्ची पडतो, कात्री चालते आणि दोघे सुटे होतात. त्यातला ग्लुकोज सरळमार्गी, सुटल्या सुटल्या कामाला लागतो. दुसरा गॅलॅक्टोज, त्याला आहे तसा कोणी कामावर घेत नाही. त्याला यकृतात नेऊन, एकेक पायरी बदलत, ग्लुकोज करून घ्यावं लागतं. त्यातल्या मधल्या पायरीचं एन्झाइम जन्मतःच नसलं तर? तर अर्धवट बदललेला माल साचत जातो. यकृतात, डोळ्यांत, मेंदूत. आणि तान्ह्या बाळाला दुधाशिवाय दुसरं अन्नच नसतं. आई जेवढं मायेनं पाजेल तेवढं बिघडत जातं.

हे शेवटचं वाक्य बाई वर्गात कधी बोलत नसत. पुस्तकाच्या त्या पानावर लक्षणं दिलेली होती: पहिल्या आठवड्यात कावीळ, उलट्या, मलूल होणं, ओढून न पिणं. ते पान त्या दरवर्षी शिकवत, सपाट आवाजात, फळ्याकडे तोंड करून, आणि जरा घाईनं. मुलांना वाटे परीक्षेला येत नसेल.

दारात प्रिंटर उभे होते. बाईंचे यजमान स्क्रीन प्रिंटिंग करत. बाटल्यांवरची लेबलं, दुकानांच्या पाट्या, खेळाडूंच्या बनियनांवरचे आकडे. बाई त्यांचा उल्लेख चारचौघांत 'आमचे प्रिंटर' असा करत, तेच नाव घरात पडलं होतं. "कुठे राहिलीस?" ते म्हणाले, "मॅनेजर उठल्यात. केबिनमध्ये मीटिंग चालू आहे." मॅनेजर म्हणजे नात. घरी आल्यापासून सगळ्यांना कामाला लावते म्हणून आजोबांनी ही पदवी दिली होती. खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आत सून भिंतीला टेकून बसली होती आणि मॅनेजर पीत होत्या. तो आवाज बाईंना दारातूनच ऐकू आला. घुटका, श्वास, घुटका. जगातला इतका साधा आवाज, आणि त्या क्षणी बाई त्यातला एकेक घुटका मोजत होत्या. मुलीचा एक गाल प्रकाशात होता. पिवळा होता का? सगळीच बाळं पहिल्या आठवड्यात थोडी पिवळी असतात, हे त्यांनी स्वतःच कालपर्यंत सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं.

"तिला खाली घे," बाई म्हणाल्या. जसं म्हणायचं ठरवलं होतं तसं ते आलंच नाही, हुकमासारखं आलं. सून दचकली. बाळाचं तोंड सुटलं आणि त्यानं आकांत मांडला. मग बाईंनी पलंगाच्या कडेला बसून सगळं सांगितलं, मुलगाही कामावरचा फोन तसाच सोडून आत आला, आणि प्रिंटर दारात उभे राहून हाताला लागलेली निळी शाई पँटला पुसत राहिले. "म्हणजे नक्की आहे का नाही?" मुलगा म्हणाला. "उद्या कळेल. परवा फार तर." "आणि तोवर?" "तोवर सोयाबीनच्या पावडरचं. त्यात ही साखर नसते. चमच्यानं पाजायचं." मग सुनेनं विचारलं, "आई, म्हणजे मी गेले सगळे दिवस तिला जे पाजत होते, ते..." "काही नाही झालेलं," बाई म्हणाल्या. "ऐक माझं. दूध कधी विष नसतं. तू काही केलेलं नाहीस. असलंच तर तिच्याकडे एक कात्री कमी आहे, त्यात तुझा काय दोष?" हे त्या इतकं शांतपणे म्हणाल्या की सून त्यांच्याकडे बघत हळूहळू सावरली. आपल्याला हे कोणी म्हटलं नव्हतं, असं बाईंच्या मनात आलं. कोण म्हणणार होतं? कोणाला माहीतच नव्हतं.

हा मुलगा त्यांचा दुसरा. पहिला, असता तर याच्याहून दोन-अडीच वर्षांनी मोठा असता. तेव्हा बाई बाई नव्हत्या, शिक्षण अर्धवट टाकून लग्न केलेली एक मुलगी होत्या, आणि दोघं प्रेसच्या मागच्या एका खोलीत राहत होते. मूल पिवळं पडत गेलं. प्यायला की ओकायचा. ओकला की भूक लागली असेल म्हणून त्या पुन्हा घ्यायच्या. शेजारणी सांगत, अंगावर पाज, अंगावरचं दूध अमृत असतं, आणि त्या पाजायच्या, तो तोंड फिरवायचा तरी पाजायच्या, त्याच्या हनुवटीला बोट लावून, गाल दाबून, रडत. तो गेला तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. डॉक्टर म्हणाले, काही बाळं नाजूकच असतात. नंतर कोणी ते विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही. पण दूध थांबायचं कसं, हे त्यांच्या अंगाला कोणी सांगितलेलंच नव्हतं. मूल गेल्यावरही ते येत राहिलं. कापड घट्ट बांधून त्या पडून राहायच्या आणि कापड ओलं व्हायचं.

संध्याकाळी सून न्हाणीघरात बेसिनवर वाकून उभी होती. छाती दगडासारखी झाली होती, पिळून काढण्यावाचून इलाज नव्हता. बाई तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. पांढरी बारीक धार बेसिनच्या कडेवर पडायची आणि नळाच्या पाण्याबरोबर घरंगळत जाळीत जायची. "किती वाया," सून म्हणाली. "काढत राहा," बाई म्हणाल्या, "काढलं नाहीस तर येणं बंद होईल. आपल्याला ते बंद नाही करायचं." बाहेर प्रिंटर मॅनेजरना मांडीवर घेऊन चमच्यानं पावडरचं पाजत होते आणि प्रत्येक चमच्यागणिक त्यांची समजूत घालत होते. "चव नाही आवडली? तक्रारपेटीत टाका, मॅडम. वर पाठवतो." मॅनेजरनी तो घोट सगळाच्या सगळा त्यांच्या शर्टावर परत केला. मुलगा हसला, मग हसल्याची लाज वाटून फडकं आणायला गेला.

बाईंना कळत होतं की आपण नातीची काळजी करतोय त्याच्या तळाशी दुसरंच काही हलतंय, आणि त्याची त्यांना शरम वाटत होती. पण हिशोब साधा होता, तो त्यांनी शेकडो मुलांना शिकवला होता. हे दुखणं व्हायला बिघडलेली प्रत दोन्हीकडून यावी लागते, आईकडून एक आणि बापाकडून एक. ज्याच्याकडे एक चांगली आणि एक बिघडलेली, त्याला काही होत नाही. त्याच्या रक्तात ते एन्झाइम निम्मंच असतं, पण निम्म्यावर माणूस सुखानं जन्म काढतो, त्याला पत्ताही लागत नाही. नातीला असेल, तर मुलाकडे एक बिघडलेली प्रत आहे. ती त्याला कोणाकडून आली? एक तर बाईंकडून, नाही तर प्रिंटरांकडून. आणि दोघांकडेही असेल, तर पहिल्याचं काय झालं ते पुस्तकाच्या त्या पानावर छापलेलं होतं. ते पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा बाई कॉलेजच्या वाचनालयात बसल्या होत्या. मूल गेल्यावर शिक्षण पुन्हा सुरू केलेलं, वर्गात सगळ्यांत मोठ्या, आणि हाच विषय का, असं कोणी विचारलं की म्हणायच्या, सोपा वाटला. त्या दिवशी त्यांनी पुस्तक मिटलं, आणि घरी जाऊन कोणाला काही सांगितलं नाही. पुढे प्रयोगशाळा हाताशी होती. स्वतःच्या बोटाला सुई टोचून एका दुपारात पाहता आलं असतं, निम्मं आहे की पूर्ण. इतक्या वर्षांत त्यांनी पाहिलं नाही. कारण उत्तर आलं असतं.

पहाटे जाग आली तेव्हा प्रिंटर खिडकीशी उभे होते. "झोपला नाहीत?" "झोपलो की. तू घोरत होतीस, ते ऐकायला उठलो." मग जरा थांबून म्हणाले, "तुला काय वाटतं? तू शिकवायचीस ना हे." "मला काही वाटत नाही. आकडा येईल तो खरा." "हं." त्यांनी पडदा सारला, पुन्हा उघडला. "तपासणी करायलाच नको होती," ते म्हणाले, आणि लगेच, "नाही, बरंच झालं केली ते." तपासणी बाईंनी हट्टानं करवली होती. प्रसूतीचं ते छोटंसं इस्पितळ, तिथे ती नेमानं होत नसे. बाईंनी डॉक्टरांशी वाद घातला, सेंटरमधून कार्ड मागवलं, नर्सकडून बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब त्या जाड कागदावर घेववले. सगळी घरी निघायची गडबड होती, सामान, बिल, टोपडं हरवलेलं. कार्ड सेंटरला पोचवायचं काम प्रिंटरांकडे आलं, कारण सेंटर त्यांच्या प्रेसच्या वाटेवर होतं.

सकाळी सगळे सेंटरमध्ये गेले. पांढरी, वासहीन खोली, भिंतीला लागून खुर्च्या, कोपऱ्यात वजनाचा काटा. शंकेखोर स्वतः बाहेर आली. बाईंना पाहून तिनं नमस्कारासाठी हात जोडले आणि जोडता जोडता त्यांचा हातच हातात घेतला. मॅनेजरच्या टाचेला सुई लागली, त्या अशा काही ओरडल्या की बाहेरच्या खोलीतल्या दोन बाळांनी पाठिंबा दिला. कार्डावरच्या वर्तुळांत एकेक थेंब पसरला. टेक्निशियननं ते कार्ड आडवं, जाळीवर ठेवलं. "हे आता इथेच वाळेल," तो मुलाला म्हणाला. "सावलीत, आपोआप. ऊन नाही, हीटर नाही, काही नाही."

"असं वाळायला किती वेळ लागेल?" प्रिंटरांनी धंद्यातल्या माणसाच्या उत्सुकतेनं विचारलं.

"दुपार होईल."

"छे छे. इतका वेळ? मला सांगायचंत. मागच्या वेळी मी ब्लोअरखाली धरलं, एका मिनिटात काम फत्ते. एक डाग फाकला नाही. गरम हवेला रंग कसा जागच्या जागी बसतो."

शंकेखोरनं बाईंकडे पाहिलं, बाईंनी प्रिंटरांकडे पाहिलं.

"कुठे धरलंत?" बाई म्हणाल्या.

"ब्लोअरखाली. प्रेसमध्ये. बनियनावरचे आकडे वाळवतो त्याच. कार्ड ओलं होतं अगं, पाकिटात घालून देणार कसं? ओला कागद मी दुकानाबाहेर जाऊ देत नाही, तुला माहीत आहे."

"अहो, तुम्ही ते भाजलंत."

"भाजलं कुठे? वाळवलं."

"त्या ब्लोअरनं रंग प्लास्टिकला चिकटतो! अहो, मी जन्मभर कोणाला काय शिकवत होते? एन्झाइम म्हणजे अंड्यातल्या पांढऱ्यासारखं. उष्णता लागली की थिजलं, संपलं. तुमच्या नातीचं अंडं उकडून आणून दिलंत तुम्ही इथे!" बाईंचा आवाज इतका चढला की टेक्निशियन मागे सरकला. प्रिंटरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. सून कधी सासूकडे, कधी सासऱ्याकडे बघत होती, तिला हसावं की रडावं कळत नव्हतं. "म्हणजे तिला काही नाहीये?" तिनं विचारलं. "तसं नाही म्हणता येणार," शंकेखोर सावकाश म्हणाली. "म्हणजे पहिल्या कार्डावरून काहीच म्हणता येणार नाही. त्यावरची बाकीची एन्झाइमंही मला मरगळलेली वाटली होती, म्हणूनच तर दुसरा नमुना मागवला. उद्या सकाळी सांगते. तोवर पावडरचंच द्या." प्रिंटर खुर्चीवर बसले. "मला काय माहीत," ते जमिनीकडे बघत म्हणाले. आणि बाईंचा राग आला तसाच ओसरला. मी तरी शेजारच्या खोलीत टोपडं शोधत होते, त्यांच्या मनात आलं, एक शब्द सांगायला काय झालं होतं मला.

निघताना सगळे पुढे गेले आणि बाई मागे रेंगाळल्या. "माझंही रक्त घे," त्या म्हणाल्या. शंकेखोर म्हणाली, "बाई, तुमचं कशाला? बाळाचं कळलं की—" "घे गं." एवढं म्हणून बाईंनी बोट पुढे केलं. जन्मभर शंका काढलेल्या त्या मुलीनं या वेळी एकही काढली नाही. बोट पुसलं, टोचलं, दाबलं. थेंब कार्डावर पडला, पसरला आणि कडेला जाऊन थांबला. इतकी वर्षं ज्याला घाबरले ते एवढंसं होतं.

त्या दिवसाचं बाईंना पुढे फारसं काही आठवलं नाही. घर चालू होतं. कुणी तरी टोस्ट करपवले. मुलगा दर थोड्या वेळानं बाळाचे डोळे उघडून आत पांढरं आहे की पिवळं ते बघायचा आणि मॅनेजर त्याला जांभईनं उत्तर द्यायच्या. ब्लोअरची गोष्ट कळल्यापासून सगळ्यांच्या खांद्यावरचं निम्मं ओझं उतरलं होतं, फोनवर मुलगा कोणाला तरी ती सांगून हसलाही. बाईंनाही आशा वाटत होती, खूप वाटत होती, आणि म्हणूनच त्या तिच्याकडे बघायला तयार नव्हत्या. नातीचं ठीक निघालं तरी आपलं निघेलच असं नाही, हे त्यांच्यातल्या मास्तरणीला नीट ठाऊक होतं. मुलाला चांगली प्रत मिळाली असेल आणि पहिल्याला दोन्ही बिघडलेल्या. नशिबाचा फासा प्रत्येक मुलाला वेगळा पडतो. मग नात घरात खिदळत वाढेल, सगळं आनंदात असेल, आणि आपल्याला मात्र आता पक्कं माहीत असेल. कपडे वाळत घालताना त्यांचा हात छातीशी गेला. तिथे आता काहीच नव्हतं, सैल झालेली कातडी. पण ती कळ आली. पान्हा दाटून आल्यावर येते तशी, नेमकी तीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला तेव्हा बाई भांडी विसळत होत्या. ओल्या हातानं त्यांनी तो उचलला, आणि या वेळी रेंज पूर्ण होती. "बाई, अगदी उत्तम. बाळाचं एन्झाइम पूर्ण आहे, शंभर नंबरी. आत्ताच्या आत्ता पाजायला सांगा." बाई नळ बंद करायला विसरल्या. "ऐकताय ना? आणि बाई, तुमचं." "बोल." "तुमचंही पूर्ण आहे. निम्मं नाही, पूर्ण. मी पुन्हा लावून बघितलं, तुम्ही विचारणार हे माहीत होतं." "नक्की ना?" "नक्की. तुमच्याकडे बिघडलेली प्रत नाहीच." पुढे ती काही तरी म्हणाली, काळजी घ्या, असं काही, आणि बाई हो हो म्हणाल्या. मग त्यांनी आत जाऊन सुनेला सांगितलं, म्हणजे तोंडानं शब्द निघालेच नाहीत, बाळ उचललं आणि तिच्या मांडीवर ठेवलं, एवढ्यानं तिला कळलं. मॅनेजरनी तोंड लावलं. सुनेच्या तोंडून "आई गं" निघालं, दुखल्याचं की सुटल्याचं, दोन्हीचं असेल. तो आवाज खोलीत पुन्हा सुरू झाला. मुलगा तिथेच जमिनीवर फतकल मारून बसला आणि लहान असताना रडायचा तसाच, नाक ओढत, रडायला लागला. त्याच्या डोक्यावर हात ठेवून बाई थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि मग स्वयंपाकघरात परत आल्या, कारण नळ वाहत होता.

नळ बंद केल्यावर त्यांनी हात पुसले. त्या स्टुलावर बसल्या. माझ्याकडे नाही, म्हणजे पहिल्याला दोन्हीकडून येऊच शकत नव्हती. त्याला ते नव्हतंच. तो प्यायला ते त्याच्या पोटात गेलं, तुटलं, बदललं, त्याच्या अंगाला लागलं. जेवढं राहिलं तेवढं लागलं. कशानं गेला ते कोणालाच कळणार नव्हतं, पण त्यांनी पाजलेल्या एकाही घोटानं नाही. छातीतून काही तरी इतक्या जोरात सुटलं की त्यांना वाटलं आपण ओरडणार, पण नुसताच मोठा श्वास आला, मग दुसरा. अंग हलकं झालं. इतकं हलकं की त्यांनी ओट्याची कड धरून ठेवली.

प्रिंटर पाणी प्यायला आत आले. आज त्यांनी प्रेस उघडलीच नव्हती. "ऐकलं मी," ते म्हणाले. त्यांचे डोळे लाल होते आणि ते उगाच पेले शोधत होते, पेले समोर असून. "आता मला जन्मभर ऐकावं लागणार, अंडं उकडलं म्हणून."

"अहो, माझंही पूर्ण आहे."

"काय पूर्ण आहे?"

बाईंनी सांगितलं. बोट टोचून घेतलेलं, निम्मं आणि पूर्ण, वाचनालयातलं पान. कधीच कोणाला न सांगितलेलं असूनही ते भराभर, सोप्या शब्दांत आलं. "म्हणजे त्याला ते नव्हतं," त्या शेवटी म्हणाल्या. "माझ्या दुधानं नाही झालं ते."

प्रिंटरांनी पेला ओट्यावर ठेवला. "तुझ्या दुधानं?" ते म्हणाले. "तुला असं वाटत होतं? इतकी वर्षं?"

"हो."

"अगं वेडे." ते बाईंसमोर, डब्यांच्या फळीला टेकून, खालीच बसले. त्या वयाच्या माणसानं बसायला बराच वेळ घेतला. "अगं, मला वाटत होतं माझ्या शाई पातळ करायच्या थिनरनं. खोली प्रेसला लागून होती. दोऱ्यांवर ओला माल टांगलेला असायचा आणि मी खिडकी लावून घ्यायचो, बाळाला गार लागेल म्हणून. वास यायचा, तू म्हणायचीस उघडा, मी नाही उघडली. तेव्हापासून ओलं काही दुकानाच्या बाहेर येऊ दिलं नाही मी. काही म्हणजे काही." ते शाई मुरलेल्या नखांकडे बघत होते. "तुला सांगणार होतो. मग वाटलं, तू मला टाकून जाशील."

ती खिडकी बाईंना आठवली. बंद खोली, थिनरचा वास, एवढंसं बाळ. त्याचं काय होतं, काय होत नाही, कितीनं होतं? त्यांना ठाऊक नव्हतं, आणि आता टोचायला बोट नव्हतं, तपासायला रक्त नव्हतं. पुराव्याशिवाय एक वाक्यही त्या आयुष्यात वर्गात बोलल्या नव्हत्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "थिनरनं नाही."

"कशावरून?"

"मी सांगते म्हणून."